वाळूत मांडलेलं घर

"ह्या बाहुल्या कशापायी मांडल्यात?" सरुबाईनं दारातच पाय रोवला आणि त्या समुपदेशक बाईंच्या खोलीकडं अशा काही नजरेनं पाहिलं, की गडमुडशिंगीहून तिला घेऊन आलेला प्रसेनजीत वरमून खाली बघू लागला. टेबलावर वाळूनं भरलेला लाकडी ट्रे, फळ्यांवर इवलीइवली माणसं, गाई, झाडं, कुंपणं... बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यापासून ज्या घरात अंगारा-धुपारा शिरला नाही, त्या घरच्या बाईला ही भानामतीच वाटणार, त्यात नवल ते काय!

"मावशे, खेळणी हायत ती. जे बोलता येत न्हाय, ते मांडून दाखवायचं," प्रसेनजीत म्हणाला.

पण सरुबाई का दुधखुळी होती? नात झाली, नि तिनं त्या लेकराला अजून मांडीवर घेतलं नाही, म्हणून सूनबाईनं, निशानं, हा सगळा घाट घातलेला. शेजारच्या तानाबाईनं कानात सांगितलंच होतं, आधी वेडी ठरवतील, मग वृद्धाश्रमात नेऊन टाकतील. थोरली बहीण तारा बाळंतपणात गेली, तेव्हा जयसिंगपूरचं ठरलेलं लग्न मोडून जिनं तिच्या ह्या प्रसेनला उराशी धरलं, तिलाच त्यानं घराबाहेर काढावं...?

बरं तर, शहाण्यासारखं घर मांडू, म्हणजे वेडी म्हणायची कुणाची प्राज्ञा होणार नाही! तिनं आत येऊन वाळूत घर ठेवलं, कुंपण घातलं, गाय बांधली. अंगणात एक पोरगं ठेवलं आणि त्याला खेटून एक बाई.

"कुणाचं घर हे?" बाईंनी हळूच विचारलं.

"आमचंच की. ह्यो प्रसेन, ल्हानपणीचा. ही त्याची आई, तारी."

प्रसेनजीत चमकून पुढं झाला. "मी जन्मलो तवाच गेली ती. अंगणात माझ्यासंगं तू हुतीस. ह्यात तू कुठं हाईस, मावशे?"

सरुबाई ट्रेकडं बघतच राहिली... दुसरं कुणी काढील म्हणून ती धास्तावली होती, आणि तिनं स्वतःच स्वतःला घरात ठेवलं नव्हतं!

"तू पयल्यांदा मला आई म्हणलास," ती कशीबशी बोलली, "तवा तुला तारीच्या फोटूम्होरं नेऊन सांगितलं, आई ती, मी मावशी. तरी तू माझ्याच मागं लागायचास. तारीचं लेकरू मी चोरलं, प्रसेन... आता निशाचं कसं चोरू?"

इतकी वर्षं हे उरात दडवून ही बाई जगली! त्यांच्याबरोबर येऊन दारामागं थांबलेली निशा पोरीला कडेवर घेऊन आत आली. तिचे डोळे भरून वाहत होते. "मला वाटलं, तुम्हाला माझी लेक नको झालीय," ती म्हणाली. "मावशी, तिला तुम्ही पाहिजे हाय. मलाबी."

प्रसेनजीतनं फळीवरची एक बाहुली घेऊन ट्रेकडं हात नेला, पण समुपदेशक बाईंनी त्याला थांबवलं. "त्यांची वाळू आहे. त्यांनाच ठेवू द्या."

सरुबाईनं बाहुली घेतली. कुंपणापाशी तिचा हात अडला आणि परक्या घरी विचारावं तसं तिनं विचारलं, "आत ठिवू?"

"ठेव की, आई," प्रसेनजीत म्हणाला, आणि लहान पोरासारखा रडू लागला.

तिनं बाहुली पोराच्या दुसऱ्या अंगाला ठेवली, आणि तारीलाही पोरगं नीट दिसावं म्हणून तिची बाहुली जराशी वळवली.