स्वेटरवालीची तिसरी लाइन

शेवटी त्या दोघांचं जमलं आणि लग्नही ठरलं. हे वाक्य चुकून आधी आलं आहे. वाचकांनी ते वाचलंच नाही, असं धरून चालावं. तर, अजून काहीही झालेलं नाही. तो तिला ओळखतसुद्धा नाही.

ती एका होस्टिंग कंपनीत नेटवर्क सांभाळायची. लोकांच्या वेबसाइट ज्या सर्व्हरवर चालतात ते सगळे सर्व्हर तळमजल्यावरच्या हॉलमध्ये, आणि ती तिसऱ्या मजल्यावर. एखादी साइट बंद पडली की तिच्या टेबलावर अलार्म केकाटायचा. एका दुपारी तो केकाटला. मांजरांसाठी स्वेटर विणून विकणाऱ्या एका बाईंची साइट बंद होती. ती तिसऱ्या मजल्यावरून धावत खाली गेली, तर सर्व्हरच्या रॅकपाशी हॉलचा टेक्निशियन केबलचं टोक हातात धरून उभा... फूल द्यावं तसं.

“सैल झाली होती,” तो म्हणाला.

“आपोआप?”

“असेल तिच्या मनात काहीतरी.” त्याने तिच्याकडे पाहिलं. “मॅडम, थंडी वाजतेय तुम्हाला. रॅकच्या मागे या. पुढून गार हवा आत जाते, मागून गरम बाहेर येते.”

प्रेमकथेत पाऊस लागतो. पण सर्व्हर हॉलमध्ये पाऊस पडला तर सगळ्यांची नोकरी जाते. म्हणून इथे फक्त ती गरम हवा होती. त्या हवेने तिचे केस उडाले, ते त्याने पाहिले, आणि त्याने पाहिल्याचं तिने पाहिलं. केबल बसवायला एवढा वेळ लागत नाही — पण लागला.

मग ती केबल वरचेवर सैल व्हायला लागली. दर वेळी ती खाली जायची, दर वेळी तो तिथेच असायचा. ‘मॅडम’चं ‘अगं’ झालं. अलार्म वाजला की ती आधी केस सारखे करायची, आणि नेटवर्कवाल्या बाईला बिघाडाने आनंद व्हावा हे काही ठीक लक्षण नव्हतं.

आणि एक दिवस तिने त्याला फोनवर बोलताना ऐकलं.

“नाही हो, चूक माझीच... तुम्ही रागवा, बिनधास्त रागवा. तुमचा हक्कच आहे...” आवाज असा, की पोळीला लावून खावा.

“कोण होतं?” तिने सहज विचारलं. सहज, म्हणजे दात आवळून.

“स्वेटरवाली.”

घरी ती जेवली नाही. थोरल्या बहिणीने ताटाकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि सगळं काढून घेतलं.

“ती त्याला हाक काय मारते?”

“दादा.”

“मग झालं तर!”

“ताई, सुरुवातीला सगळ्याच दादा म्हणतात.”

“मी तुझ्या भावोजींना कधीच नाही म्हटलं.”

“म्हणूनच तुझं लवकर उरकलं.”

रात्रभर तिने कूस बदलली आणि सकाळी उत्तर सापडलं. साइट बंदच पडली नाही, तर ती बया फोन कशाला करेल? तिने स्वेटरवालीच्या सर्व्हरला इंटरनेटची दुसरी लाइन दिली. एक तुटली तर दुसरी चालू. तरी जीव राहीना. मग तिसरी दिली, वेगळ्या रस्त्याने आणलेली, छतातून उतरवलेली, आणि कोणी हात लावू नये म्हणून तिच्यावर ‘फायर अलार्म’ असं लेबल चिकटवलं. वीजही दोन बाजूंनी दिली. बँकांना दोन लाइनी होत्या. मांजरांना तीन.

फोन थांबले, आणि तो सुकत चालला. त्या रॅकभोवती तोंड पाडून फेऱ्या मारायचा, वर छताकडे बघायचा, उसासे टाकायचा.

विरह! तिच्या अंगाचा तिळपापड झाला. चौथी लाइन द्यायचा विचार आला, पण जागा नव्हती.

तेवढ्यात बाहेर रस्ता खोदणाऱ्या मशीनने इमारतीची मुख्य केबल तोडली, आणि त्या धक्क्याने दुसरीही तुटली. बँका बंद, विमानाची तिकिटं बंद, सगळं बंद. जगात मांजराचा स्वेटर मात्र बिनदिक्कत विकत घेता येत होता.

लाइनी जोडून झाल्यावर साहेबांनी दोघांना रॅकपाशी उभं केलं.

“ही स्वेटरवाली बाई कोण? मंत्री आहे?”

तिने मान खाली घातली. “साहेब, ती सारखी याला फोन करायची. हा तिच्याशी गोड बोलायचा. मला... बघवत नव्हतं.”

तो गर्रकन तिच्याकडे वळला.

“अगं, तिची साइट मीच बंद पाडायचो! रोज दुकान बंद पाडायचं, आणि वर तिच्याशी उद्धटपणे बोलायचं?”

“तू? का?”

“केबल काढली की तू खाली यायचीस...” त्याचे कान लाल झाले. “मग एकाएकी येईनाशी झालीस. मी पहिली काढली, दुसरी काढली. तरी तुझा पत्ताच नाही! मला वाटलं, अलार्म वाजतोय... पण आता तुला यायचंच नाही.”

“मला वाटलं, तू तिच्यासाठी झुरतोयस.”

“मी तिला पाहिलेलंही नाही! तिसरी येते कुठून?”

“छतातून. लेबल लावलंय.”

“फायर अलार्म... तरीच!”

तो हसला. ती हसली नाही. तिला रडू आलं होतं, आणि ते लपवायला ती रॅकच्या मागे गेली. तोही गेला.

“इथेच थांबशील?” त्याने विचारलं. “म्हणजे... बिघाड नसतानाही?”

“थांबेन. पण फोन मी उचलणार.”

साहेबांनी पुढून खाकरून पाहिलं. कोणी बाहेर येईना, तेव्हा त्यांनी तिथल्या तिथे निर्णय घेतला: यापुढे प्रत्येक गिऱ्हाइकाला तीन लाइनी. त्या दिवसापासून त्या इमारतीत काहीही बंद पडत नाही. अलार्म वाजत नाही. ती तिसऱ्या मजल्यावर असते, तो तळमजल्यावर, आणि कामाच्या वेळेत विनाकारण मजला सोडायला बंदी आहे. सबब दोघांनी मिळून अर्ज केला:

‘विषय: आठवड्यातून एक किरकोळ बिघाड मंजूर होणेबाबत. महोदय, वरील विषयास अनुसरून विनंती करण्यात येते की, सदर बिघाड दुपारी व्हावा, तो दुरुस्त करण्यास दोन कर्मचारी लागावेत व लवकर सापडू नये. सदर बिघाड स्वेटरवालीच्या लाइनीवर कोणत्याही परिस्थितीत होऊ नये. कळावे. आपले विश्वासू.’