हजेरीतलं नववं नाव

निवृत्तीनंतर महेश्वर कलशेट्टी सरांना एकच नाद लागला होता, 'बेसिक' या जुन्या संगणक-भाषेतले प्रोग्राम नव्या संगणकावर चालवायचा. भवानी पेठेत पुतण्याच्या यंत्रमागांच्या वर त्यांची खोली होती. खाली सकाळपासून माग खडखडायचे आणि वर सर कुणाच्या तरी माळ्यावर सापडलेली फ्लॉपी कापसाच्या बोळ्यानं पुसत बसायचे. कुणी शिक्षकानं केलेला पाढ्यांचा खेळ आणायचं, कुणी पाटबंधारे खात्यातला माणूस कालव्याच्या पाण्याचं गणित. आजच्या लॅपटॉपला ती भाषा कळत नाही. त्यासाठी त्यात जुन्या यंत्राची हुबेहूब नक्कल करणारा एक प्रोग्राम टाकावा लागतो. तेवढं केलं की हिरव्या अक्षरांचा तो काळा पडदा उघडायचा आणि सरांना बरं वाटायचं. त्या पडद्यावर दोन अधिक दोन चारच व्हायचे.

एप्रिलमधल्या एका दुपारी अक्कलकोटहून एक बाई आल्या. वय साठीच्या आसपास, कपाळाला विभूतीचं बोट. पिशवीतून त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळलेली मोठी काळी फ्लॉपी काढली. आई मागच्या महिन्यात गेली, तिच्या पेटीत ही निघाली, असं म्हणाल्या.

"दानूची हाय, सर. तुमच्या क्लासातली. मी काशम्मा, तिची थोरली बहीण. काय हाय त्यात, एवढंच बघायचं हुतं."

सरांनी फ्लॉपी हातात घेतली.

एकोणनव्वद साली नव्या पेठेत, तिसऱ्या मजल्यावर ते सकाळी दहा ते बारा संगणकाचा क्लास घ्यायचे. चार संगणक, चौदा विद्यार्थी, आणि सर स्वतः पंचवीस वर्षांचे. दानेश्वरी एकोणीसची असेल. सगळ्यांत हुशार. क्लासची हजेरी घ्यायचा प्रोग्राम तिनंच लिहिला होता. पडद्यावर एकेक नाव यायचं, पुढं रोमन लिपीत 'हजर?' असं विचारलं जायचं. वाय दाबला की हजर, एन दाबला की गैरहजर.

त्या ऑक्टोबरात एके सकाळी ती क्लासला म्हणून निघाली आणि घरी परतलीच नाही. पुन्हा कुणाला दिसलीही नाही.

संध्याकाळी तिचे वडील सिद्धलिंगप्पा विचारायला आले, तेव्हा सरांनी त्यांना हजेरी उघडून दाखवली. नववं नाव, पुढं वाय. आली होती, बाराला सगळ्यांबरोबर गेली, असं त्यांनी सांगितलं. पोलिसांनाही तेच सांगितलं. शोध बारा वाजल्यापासून सुरू झाला, इमारतीच्या बाहेरच्या रस्त्यापासून.

खरं असं होतं, की त्या सकाळी वीज जायच्या बेतात होती आणि सरांनी घाईघाईनं नावं पुकारत, मान वर करून न बघता चौदा वेळा वाय दाबला होता. दुसऱ्या रांगेतली खिडकीजवळची खुर्ची रिकामी होती, हे त्यांना आठवलं ते जबाब लिहून झाल्यावर. क्लासचे मालक म्हणाले, लिहिलंय ते लिहिलंय, आता बदलू नका. सरांनी बदललं नाही. छत्तीस वर्षांत बायकोलासुद्धा सांगितलं नाही.

फ्लॉपीवर बुरशी होती. पुसून ती जुन्या ड्राइव्हमध्ये घातली. तीन वेळा ड्राइव्ह नुसताच कण्हला. चौथ्यांदा फाइल आली. एकच होती, हजेरीची.

सरांनी प्रोग्राम चालवला. काशम्मा शेजारच्या स्टुलावर बसल्या होत्या. नावं येत गेली, सर वाय दाबत गेले. नववं नाव आलं तसा काशम्मांनी पदर तोंडाला लावला. सरांचं बोट थांबलं. मग छत्तीस वर्षांपूर्वी दाबायला हवं होतं ते बटण त्यांनी दाबलं. एन.

पडद्यावर वाय उमटला.

काशम्मांच्या डोळ्यांत पाणी होतं, त्यांच्या लक्षात आलं नाही. सरांनी प्रोग्राम तिथंच बंद केला. नवीन प्रत करून ठेवतो, पुढच्या सोमवारी या, असं सांगून त्यांना बसस्टँडच्या रिक्षात बसवून दिलं.

मग त्यांनी प्रोग्रामची एकेक ओळ तपासली. एकतीस ओळी. दानेश्वरीनं गंमत म्हणून आपलं नाव कायमचं हजर करून ठेवलं असेल, असा त्यांना संशय होता. तसं काही नव्हतं. साधा, स्वच्छ प्रोग्राम, तिच्या वयाच्या मानानं फारच नेटका.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पुतण्याच्या ऑफिसातला संगणक मागून आणला आणि सगळ्या ओळी स्वतःच्या हातानं नव्यानं टाइप केल्या. आधीच्या आठ नावांपुढं एन दाबला की एन यायचा. नवव्या नावापुढं वाय. नवव्या जागी त्यांनी स्वतःचं नाव घातलं. एन दाबला, एन आला. तिचं नाव परत घातलं. वाय.

गुरुवारी त्यांनी बटण दाबलंच नाही. नवव्या नावाशी आले आणि हात मांडीवर ठेवून बसले. बाहेर त्रेचाळीस अंश ऊन होतं, पंखा गरम वारा फेकत होता, खालचे माग एका तालात चालले होते. दोन मिनिटं गेली असतील. जिना चढून आलेलं माणूस दम खाऊन बोलतं, तेवढा वेळ.

वाय.

त्यानंतर सरांनी लॅपटॉपला हात लावला नाही. जेवण कमी झालं. सून म्हणाली, डॉक्टरांना दाखवू या. ऊन बाधलंय, असं म्हणून त्यांनी विषय टाळला.

सोमवारी काशम्मा आल्या. सरांनी त्यांना पाणी दिलं आणि त्या पेला खाली ठेवायच्या आत सगळं सांगून टाकलं. न बघता दाबलेली बटणं, रिकामी खुर्ची, जबाब, आपली भीती. दानेश्वरी त्या दिवशी क्लासला आलीच नव्हती. तुमच्या वडिलांशी मी खोटं बोललो, ते म्हणाले. माफी मागायचा अधिकार मला नाही, तरी मागतो.

काशम्मा त्यांच्याकडे बघत राहिल्या. त्या चिडल्या नाहीत. त्यांचा चेहरा हळूहळू उतरत गेला.

"आली न्हवती म्हंजे?" त्या म्हणाल्या. "मीच सोडलं की तिला, सर. जिन्यापाशी. मला पुढं शिवणाच्या क्लासला जायचं हुतं. ती वर चढताना मी खालनं बघत हुते. दुसऱ्या मजल्यावर वळली, हात केला, आन् वर गेली."

सरांना वाटलं, आपण नीट ऐकलं नाही.

"दहाला?"

"व्हय. तुमचा आवाज येत हुता वरनं. नावं घेत हुतासा तुमी."

खाली वीज गेली. सगळे माग एकदम थांबले.

दुसऱ्या मजल्यापासून तिसऱ्या मजल्यापर्यंत सतरा पायऱ्या होत्या. मधे एक जळमटलेला बोळ आणि कायम कुलूप असलेलं एक दार. इमारत कुणी तपासलीच नाही. तपासायचं कारणच नव्हतं. ती बाराला खाली उतरून गेली होती ना. पुढं नऊ वर्षांनी ती इमारत पाडली आणि सगळा राडारोडा ट्रकांनी कुठं नेऊन टाकला, ते कुणालाच माहीत नाही.

"सर," काशम्मा अगदी हळू म्हणाल्या, "परत लावा ते."

लॅपटॉप बॅटरीवर होता. सरांनी प्रोग्राम सुरू केला. आठ नावं झाली. नववं आलं. सरांनी हात मागं घेतला.

काशम्मांनी पडद्याजवळ तोंड नेलं आणि कानडीत विचारलं, आलीस का गं.

वाय.

या वेळी सरांनी प्रोग्राम बंद केला नाही. दहावं, अकरावं. चौदा नावं पुरी झाली. त्या आठवड्यात शेवटपर्यंत ते पहिल्यांदाच गेले होते. शेवटच्या ओळीत प्रोग्राम आणखी एक प्रश्न विचारायचा, वाय दाबला की बंद व्हायचा.

वर्ग सुटला?

काशम्मांचे हात पदरात होते. सर खुर्चीसकट मागं सरकले होते, टेबलापासून हातभर लांब.

खोलीत कसलाच आवाज नव्हता. बराच वेळ गेला.

मग प्रश्नापुढं एन उमटला, आणि नावं पुन्हा पहिल्यापासून येऊ लागली.