मागं वळलेली बाई

पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. पण माझी मावशी रतनबाई खोटं बोलणाऱ्यातली नव्हती.

साल पंचावन्न-छप्पन्न. गाव आकुर्डी. कारखाने नुकते कुठं येऊ लागले होते. मावशीचा नवरा सयाजी एका गोऱ्या साहेबाकडं माळी होता. साहेब विलायतेला परत गेला आणि जाताना दाराएवढं एक चित्र त्याच्या गळ्यात मारून गेला.

चित्र बायबलातलं. जुनंपुराणं शहर, वरून आगीचा पाऊस, माणसं जीव घेऊन पळतायत. आणि सगळ्यांच्या मागं एक बाई थांबलेली... आपल्याकडं पाठ करून जळत्या शहराकडं बघणारी.

साहेबाच्या आचाऱ्यानं सांगितलं, देवानं मागं बघू नका म्हणून बजावलं होतं. हिनं बघितलं. जागच्या जागी मिठाचा खांब झाली.

सयाजीनं ते कुडाला लावलं. वारा तरी अडेल म्हणाला. खाली पाच वर्षांच्या अंबूचं अंथरूण.

"आई, ही मागं का बघती?" अंबूनं विचारलं.

"तिचं लेकरू राहिलं असंल मागं," मावशी भाकरी थापता थापता बोलून गेली.

त्याच रात्री अंबूला ताप भरला. उतरेचना. सकाळी अंथरुणावर पांढरी कणी पडलेली... मावशीनं जिभेला लावून बघितली.

मीठ.

सासू गवराबाईनं उतारा टाकायला सांगितला. भाकरी, मीठ-मिरच्या पोरीवरून उतरायच्या आणि दिवेलागणीला तीन वाटांच्या तिकाटण्यावर ठेवून यायच्या.

"काय बी झालं तरी मागं बघू नगंस. बघितलंस तर पोर जाईल."

मावशी उतारा ठेवून निघाली. वाटेवर चिटपाखरू नव्हतं.

मग मागून पावलं... लहान, अनवाणी.

"आई..."

आवाज अंबूचाच. पण अंबू तर घरी तापानं फणफणलेली. हे दुसरंच काहीतरी आहे, असं म्हणत मावशीनं पदराचा बोळा तोंडात कोंबला.

"आई, थांब की. पाय भाजत्यात माझं."

मावशीचं काळीज तुटत होतं. पण पोरीचा जीव वाचवायचा होता, म्हणूनच ती वळली नाही.

"आई, एकदा बघ की..."

मग काहीच नाही.

दारात गवराबाई उभी. "एकटीच आलीस? अंबू तुझ्याच मागं पळत आली न्हवं?"

सगळा गाव कंदील घेऊन फिरला. धुळीत अंबूची पावलं निम्म्या वाटेपर्यंत होती... पुढं नव्हती.

सकाळी सयाजी चित्रासमोर नुसता उभा होता. ती बाई आता जळत्या वेशीशी पोचली होती. तिच्या हाताला एक पोर, अंगात अंबूचं हिरवं परकर-पोलकं.

आणि ती पोर मागं वळून आपल्याकडं बघत होती.

सयाजी चित्र जाळायला निघाला. मावशी आडवी आली. आत माझी पोर हाय, म्हणाली, आधीच जळतीया.

पुढं वर्षानुवर्षं ती त्या तोंडाकडं बघत बसायची. एकदा दुपारी डोळा लागला... जागी झाली तर पोरीनं तोंड फिरवलेलं. नुसती पाठ.

"अंबे, एकदा बघ की," मावशी म्हणायची. मरेपर्यंत.

चित्र आता आमच्या माळ्यावर पोत्यात शिवून ठेवलंय. दिवेलागणीला वरून हाक येते... "एकदा बघ की."

म्हातारीची की पोरीची, ओळखू येत नाही.

आमच्यात कुणी वर बघत नाही.