पाचव्या पायरीवरचा दातवाला

इंजेक्शनने तिचा डावा गाल पार बधिर झाला होता, आणि नेमकं त्याच वेळी एक अनोळखी माणूस तिच्या कामाची सालटी काढत होता.

दाताच्या दवाखान्यातली बाहेरची खोली. इंजेक्शन चढेपर्यंत डॉक्टरीणबाईंनी तिला तिथे बसवलं होतं. काउंटरपाशी तो उभा — हातात दातांच्या छोट्या डब्या, बाहीवर पांढरी पूड, आणि तोंडाचा पट्टा सुरू!

“अहो मावशी, ते नवं सॉफ्टवेअर दारातच म्हणतं, स्वागत आहे! आणि मग अकरा पानं प्रश्न! पाहुण्याला आधी आत घ्यावं की नाही? हे विचारतंय, तुमच्या संस्थेचं उद्दिष्ट काय? दात बनवतो हो मी. उद्दिष्ट काय असणार... चावता यावं!”

काउंटरवरच्या मावशी खो खो हसल्या. ती काही हसली नाही. कारण ते ‘स्वागत आहे’ तिनेच लिहिलं होतं. अकराच्या अकरा पानंसुद्धा. डॉक्टरांनी दातांची मापं पाठवायची आणि कारागिरांनी ती उघडून कामाला लागायचं, असं ते क्लाउडवरचं सॉफ्टवेअर. भलतं किचकट. त्यात नव्या माणसाला बोट धरून आत न्यायचं, ही हिची नोकरी. ऑफिसात तिला सगळे स्वागतताईच म्हणत.

“ऐका,” असं तिला ठणकावून म्हणायचं होतं. तोंडातून निघालं, “ऐहा...”

“बघा, यांनाही पटलं!” तो खूश.

आता मात्र तिचा पारा चढला. तिने अपॉइंटमेंटच्या कार्डामागे ठसठशीत लिहिलं — ‘ते मी लिहिलंय.’ आणि कार्ड त्याच्यासमोर धरलं.

त्याने वाचलं. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. “सगळं?... म्हणजे — अक्षर फार सुरेख आहे हो तुमचं.”

हसू आलं तिला, पण बधिर गालामुळे ते एकाच बाजूने उमटलं. तो त्या अर्ध्या हसण्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिला. मग तिने खाली लिहिलं, ‘कुठे अडकलात?’

“पाचव्या पायरीवर. बारा दिवस झाले.” त्याचा आवाज उतरला. “पहिल्या तारखेपासून तिन्ही दवाखाने कागदाची चिठ्ठी बंद करणार. त्या दिवशी जो या सॉफ्टवेअरच्या यादीत नाही, त्याचं काम मोठ्या लॅबकडे. आणि मला आहेतच तीन दवाखाने.”

दोन दिवसांनी ती त्याच्या कार्यशाळेत जाऊन बसली. नव्या माणसाशेजारी बसायचं, तो काय करतो ते बघायचं, तोंडातून ब्र काढायचा नाही, अशी तिच्या धंद्याची रीत. खोली लहानशी. फळीवर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले, कोपऱ्यात दात भाजायची छोटी भट्टी, खिडकीशी दोन स्टुलं. दुसऱ्या स्टुलावर एक घडी घातलेला एप्रन होता. तो त्याने हळूच उचलून फळीवर ठेवला, तेव्हा कुठे तिला बसायला जागा झाली.

पाचवी पायरी आली. ‘तुमच्या टीममधील किमान एका सहकाऱ्यास आमंत्रित करा.’ चौकट भरल्याशिवाय गाडी पुढे सरकत नाही! त्याने हात मांडीवर ठेवले.

“वर्षापूर्वीपर्यंत बाबा बसायचे इथे. आता त्यांचे हात थरथरतात. मी आपलं नावापुरतं त्यांचं नाव टाकलं... तर आमंत्रण गेलं की त्यांच्या फोनवर! संध्याकाळी घरी जातो तर बाबा चपला घालून दारात उभे. म्हणाले, ‘परत बोलावलंस होय रे कामावर?’” त्याने फळीवरच्या एप्रनकडे पाहिलं. “आमंत्रण रद्द केलं. तेव्हापासून कोणाचंच नाव नाही टाकलं.”

ती आमंत्रणाची ओळ तिने दोन मीटिंगांच्या मधल्या दहा मिनिटांत खरडली होती. लाज वाटली तिला, अगदी मनापासून.

“हसा बघू,” तो एकदम म्हणाला.

“अं?”

“तुमच्या दाढेची कॅप मीच करणार ना. रंग जुळवायला नको?” त्याने तिला खिडकीशी उभं केलं, नमुन्याच्या दातांची पट्टी तिच्या ओठांजवळ धरली. “अजून थोडं... हं... अजून.”

“अहो, अजून किती?”

“रंग तर मघाशीच जुळला. मी आपला — बघतोय.”

“चावट आहात!”

“दातांचं दुकान आहे. चावटपणा चालायचाच.”

त्या रात्री जेवताना ती दोनदा उगाच हसली. आई म्हणाली, “दाढ कोरायला गेलीस आणि काळीज देऊन आलीस, असं दिसतंय.”

पण ऑफिसात हसण्यावारी नेण्याजोगं काही नव्हतं. साहेब म्हणाले, “चौकट राहणार. दोन माणसं आली की गिऱ्हाईक टिकतं. आकडे बघ.”

“बघितले. पाचव्या पायरीवर चारशे माणसं उभी आहेत, साहेब. आळशी नाहीत ती. एकटी आहेत.”

चार दिवस तिने दातांच्या कण्या केल्या. अखेर साहेब वैतागून म्हणाले, “कर बाई तुला हवं ते!” अकराच्या पाच पायऱ्या झाल्या. उद्दिष्टंबिद्दिष्टं गेली. शेवटच्या पायरीवर साधा प्रश्न राहिला — ‘तुमच्यासोबत आणखी कोणी काम करतं का?’ त्याखाली ‘हो’. त्याशेजारी काय लिहावं, ‘एकटाच’ की ‘एकटीच’, यात अर्धा दिवस गेला. शेवटी तिने दोन्ही बटणं ठेवली.

बदल लागू झाला तो महिन्याच्या शेवटच्या दिवशी, दुपारी. सहा वाजता यादी बंद होणार होती. चार वाजता तिच्या पडद्यावर त्याची खूण सरकायला लागली. पहिली, दुसरी, तिसरी, चौथी... पाचवीवर येऊन थांबली. पाच मिनिटं, दहा मिनिटं. तिचा जीव टांगणीला. आणि फोन वाजला.

“अडकलो.”

“आता काय झालं? ‘एकटाच’ दिसत नाही का? चांगलं मोठं बटण—”

“दिसतंय हो. दाबवत नाही.”

“का?”

“खोटं वाटतं. महिन्यापूर्वी डोळे मिटून दाबलं असतं. आता काम करताना शेजारच्या स्टुलाशी बोलत असतो मी... तुम्ही गेल्यापासून.”

पडद्यावर पाचवीशी थांबलेल्या त्याच्या खुणेवर तिने बोट ठेवलं.

“ऐकताय ना?” तो म्हणाला. “‘हो’ दाबलं तर नाव विचारेल ते. तुमचं टाकू?”

“साडेचार वाजत आले... टाका ना लवकर!”

कळा दाबल्याचा आवाज आला. मग तिच्या पडद्यावर तिचंच वाक्य उमटलं — ‘तुम्हाला सोबत काम करण्यासाठी बोलावलं आहे.’ खाली भूमिकेचा रकाना. तिथे लोक ‘मदतनीस’ लिहितात, ‘व्यवस्थापक’ लिहितात. त्याने लिहिलं होतं, ‘तू सांग.’

तिने ते दोन शब्द पुन्हा पुन्हा वाचले. मग ‘स्वीकारा’ दाबलं.

“तिन्ही दवाखाने दिसायला लागले!” फोनवर तो जवळजवळ ओरडलाच. मग आवाज एकदम हळू झाला. “आणि... रकाना? तिथे अजून ‘तू सांग’च दिसतंय.”

“तो काय फोनवर भरायचा असतो?” तिने पर्स उचलली. “थांब तिथेच. येतेय मी.”