बेल्याच्या क्लासातली बर्फाची लादी

कोणी याला गप्पा म्हणेल. म्हणोत बापडे! पण ही आदिलाबादजवळच्या बेला गावात घडलेली खरी गोष्ट आहे, आणि ज्यांच्यासोबत घडली ते चंपत मास्तर अजून हयात आहेत.

एकोणीसशे अठ्ठ्याण्णवचा मे महिना. रात्र नाही, अमावास्या नाही... भर दुपारचं रणरणतं ऊन.

मास्तरांचा कॉम्प्युटर क्लास म्हणजे टिनाची एक खोली आणि त्यात एकच मशीन. त्या दिवशी परीक्षा होती. आदिलाबादहून परीक्षक आलेले. आणि मेलं मशीन घडीघडी अडकत होतं.

अडकणारच की! प्रोसेसरवरचा पंखा काही हवा गार करत नाही. खोलीत असेल तीच हवा तो फेकतो. खोलीची भट्टी झाली, तर प्रोसेसर त्याहून गरम. खोलीपेक्षा गार तो होऊच शकत नाही. मास्तर स्वतःच हे पोरांना शिकवायचे.

“एक बार और अटका, तो सबको फेल लिखूँगा,” परीक्षकानं दम दिला.

शेवटचा नंबर भागीरथाचा होता, त्यांच्या सख्ख्या भाचीचा. तिचा बाप गेलेला. शाळेत क्लार्कची जागा तिच्यासाठी थांबवून ठेवली होती, पण या सर्टिफिकेटावाचून ती मिळणार नव्हती.

“मामा, होईन ना माह्यं?”

“होते वं बाई. मी आहो ना.”

त्यांनी बसस्टँडवरच्या गोळेवाल्या महिपतला हाक मारली. त्यानं भुसा लावून गोणपाटात गुंडाळलेली बर्फाची अर्धी लादी आणली. टबात लादी, मागे टेबलफॅन, समोर कॉम्प्युटर. खोली गार झाली, मशीन सुरळीत चालू लागलं. परीक्षक खूश होऊन त्यातलाच बर्फ घातलेलं सरबत प्यायले. मास्तरांनीही एक तुकडा तोंडात टाकला.

मग वास आला...

आधी अगरबत्तीचा. मग त्याखालून दुसरा... गोडसर, कुबट.

मास्तर वाकले. लादीला वरून खळगा पडला होता, माणसाचे खांदे मावतील एवढा. त्यात पिवळट ओघळ... आणि चिकटलेला एक लांब पांढरा केस.

“महिपत! कुठली रे ही लादी?”

“वच्छलाबाईच्या खालची, मास्तर,” तो आरामात म्हणाला. “तिचा पोरगा दुरून येनार होता ना, मनून म्हातारीले रातभर बर्फावर ठेवलं. आलाच नाही तो. सकाळी मसनात नेलं तिले. चांगली उरली होती लादी, फेकाची काऊन?”

शी! मास्तर अंगणात धावले आणि आतडी पिळवटेस्तोवर ओकले. जिभेवर काहीतरी बुळबुळीत बसल्यागत वाटत होतं. बोटांनी जीभ खरवडली, तरी जाईना. महिपतच्या सात पिढ्या उद्धरत त्यांनी टब उकिरड्यावर पालथा केला.

टिन पुन्हा तापलं. आत भागीरथा टाइप करत होती. मास्तरांचे कान मशीनकडे. आता अडकेल... आता...

प्रोसेसरवरच्या पंख्याची घरघर थांबली.

पण मशीन चालूच होतं.

मास्तरांनी कॅबिनेटचं झाकण काढून डोकावलं. पंख्याच्या पात्यांभोवती पांढरे केस गुंडाळलेले... ओले, मूठभर. त्यांतून पिवळं पाणी टपकत होतं. नाक दाबून त्यांनी प्रोसेसरवरच्या धातूला बोट लावलं. चटका बसायला हवा होता.

बोट गारठून चिकटलं.

केस ओढून काढावेत? अन् मशीन बंद पडलं तर? भागीरथाचं अर्धं पान बाकी होतं.

मास्तरांनी झाकण लावलं.

“चालू दे, बाई,” ते म्हणाले.

परीक्षा संपल्यावर उघडून पाहिलं, तर आत केस नाही, पाणी नाही. भागीरथा पास झाली. तिला नोकरीही लागली.

पहिल्या पगाराला ती पेढे घेऊन आली. “मामा, आ करा,” म्हणत तिनं हात पुढे केला. बोटांची टोकं पांढरीफटक, सुरकुतलेली... रात्रभर पाण्यात राहिल्यासारखी.

“काय झालं वं हाताले?”

“परीक्षेपासून असेच हायेत. कितीबी तापवले तरी गारच राह्यते. वासबी जात नाही, मामा... तुमाले येते का?”

येत होता.

पोटच्या पोरीसारखी वाढवलेली भाची पेढा धरून उभी होती. तिचे डोळे भरून आले होते. मास्तरांना ते दिसत होतं, जीवही तुटत होता... पण त्यांना तोंड उघडता आलं नाही.