सात आठवड्यांच्या गोळ्या

दारावरची थाप ऐकून एलमाने पिठाने माखलेल्या हातानेच कडी काढली, आणि समोर उभ्या असलेल्या बाईला पाहून ती दारातच थबकली. टाइना! तिची सख्खी थोरली बहीण... एकोणीस वर्षांत जी तिच्या घराची पायरी चढली नव्हती, दुकानात समोरासमोर आली तर जी हातातली टोपली तिथेच ठेवून बाहेर पडत असे, ती टाइना बुटांवरचा बर्फ झटकत, खाली मान घालून तिच्या दारात उभी होती.

"आत येऊ का?" टाइनाने विचारले.

एलमा नुसती बाजूला झाली.

स्वयंपाकघरात वेलदोड्याच्या पावाचे पीठ फुगत ठेवले होते. टाइनाने कोट काढला, खुर्ची ओढली आणि पाच मिनिटे झाली असतील-नसतील तोच तिचा चेहरा, मान, कानांच्या पाळ्या लालबुंद झाल्या. "जरा खिडकी उघडतेस?" ती म्हणाली. बाहेर मार्चचा वारा सरोवरावरून सुया टोचल्यासारखा येत होता. एलमाने मुकाट्याने खिडकी उघडली. त्या लालीचा अर्थ तिला कुणी सांगायला नको होता. गेली पाच वर्षे ती स्वतःच्या अंगावर तेच सोसत होती.

मग टाइनाने टेबलाकडे बघतच येण्याचे कारण सांगितले. तिची पाळी बंद होऊन वर्ष झाले होते. तसा त्रास काही फार नव्हता... दिवसातून दोन-तीनदा ही अशी आग अंगभर उठायची, पहाटे लवकर जाग यायची, चर्चमध्ये गाताना मध्येच घाम फुटायचा, आणि नवऱ्यावर विनाकारण खेकसायला व्हायचे. एवढेच. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या की हवे असेल तर हॉर्मोनचा अगदी हलका डोस देता येईल, दंडावर नाहीतर पोटावर चिकटवायची पट्टी असते. नको असेल तर काही अडत नाही, हेही दिवस जातील. निर्णय तुमचा. फक्त आधी एक गोष्ट सांगा : तुमची आई स्तनाच्या कॅन्सरने गेली, तर तिने हॉर्मोनच्या गोळ्या घेतल्या होत्या का? घेतल्या असतील तर किती दिवस?

"ते तुलाच माहीत," टाइना म्हणाली. "तूच आणून देत होतीस. किती दिवस घेतल्या तिने?"

एकोणीस वर्षांपूर्वी, आईच्या दफनानंतर चर्चच्या तळघरातल्या हॉलमध्ये कॉफीचे कप हातात घेऊन सगळे गाव उभे असताना, कडेवर आपली दीड वर्षाची मुलगी आयनो घेऊन टाइनाने हाच प्रश्न विचारला होता. आईच्या कपाटात तिला गोळ्यांची पाकिटे सापडली होती, एलमा ज्या औषधांच्या दुकानात कामाला होती त्याच दुकानाचे लेबल लावलेली. त्या काळात वर्तमानपत्रांतून त्या गोळ्यांनी कॅन्सर होतो असे नाही नाही ते छापून येत होते. एलमा तेव्हा गप्प राहिली होती. आणि तिच्या त्या मौनावर बोट ठेवून टाइना सर्वांसमोर म्हणाली होती, "तू मारलंस माझ्या आईला!"

त्यानंतर गावाने एलमाला काही म्हटले नाही. गाव फक्त औषधांच्या दुकानात तिच्या खिडकीसमोरची रांग सोडून दुसऱ्या खिडकीसमोर उभे राहू लागले. चार महिन्यांनी तिने आपणहून ते काम सोडले आणि शेजारच्या गावच्या शाळेच्या स्वयंपाकघरात मुलांना वाढायला लागली. आणि पुढे तिची स्वतःची पाळी पंचेचाळिसाव्या वर्षीच गेली, रात्रीतून चारचारदा अंथरूण भिजू लागले, भांडी घासता घासता उगाच रडू कोसळू लागले, तेव्हाही त्या गोळ्यांची चिठ्ठी घेऊन त्याच दुकानाच्या पायऱ्या चढण्याची तिची छाती झाली नाही. लोक म्हणाले असते, आईला मारून हिचे समाधान झालेले दिसत नाही...

आणि खरे काय होते? खरे होते ते एलमाने हृदयाच्या तळाशी पुरून टाकले होते.

आईने त्या गोळ्या फक्त सात आठवडे घेतल्या होत्या. ऑक्टोबरमध्ये न्हाताना तिच्या हाताला गाठ लागली आणि त्याच दिवशी तिने गोळ्या बंद केल्या. पण ती डॉक्टरकडे गेली नाही. कारण टाइना तेव्हा बिछान्याला खिळलेली होती. तीन गर्भ एकामागून एक गळून पडल्यावर चौथा कसाबसा टिकला होता, आणि हिला उठू देऊ नका, हिच्या मनाला धक्का बसेल असे काही कानावर घालू नका, अशी डॉक्टरांची ताकीद होती. एलमाला हे कळले ते जानेवारीत. शनिवारी सॉनात, अंगणातल्या वाफेच्या न्हाणीघरात, दोघी मायलेकी नेहमी बरोबर न्हायच्या, पण त्या हिवाळ्यात आई काहीतरी निमित्त काढून एकटीच जाऊ लागली होती. त्या दिवशी तिचा पाय घसरला, एलमा धावत आत गेली, आणि आईला उठवताना तिचे लक्ष गेले... आईची छाती पाहून ती किंचाळलीच. तशीच भिजल्या कपड्यांनी ती घरात पळाली आणि टाइनाला सांगण्यासाठी तिने फोन उचलला. पण मागून आलेल्या आईने फोनचा खटका बोटाने दाबून धरला. वाफेने लाल झालेले ते बोट! "ते लेकरू जगात येईपर्यंत तोंड उघडायचं नाही," आई म्हणाली. "तिचं हे चौथं आहे, एलमा."

एप्रिलमध्ये आयनो जन्मली. तोवर गाठ काखेपर्यंत पोचली होती. आणि पुढच्या वर्षी, आयुष्याच्या शेवटच्या आठवड्यात, बोलायचे त्राण नसताना, आईने पुन्हा एकदा धाकटीचा हात हातात घेऊन वचन घेतले. "तिला कधीच सांगू नकोस. नाहीतर ती त्या पोरीकडे बघेल तेव्हा तेव्हा तिला मी दिसेन."

एलमाने वचन दिले. गोळ्या किती दिवस घेतल्या ते सांगितले, तर त्या का बंद केल्या हेही सांगावे लागले असते. ते पाळण्याची किंमत काय पडेल, हे तेव्हा तिला ठाऊक नव्हते.

"एलमा, मी काय विचारलं?" टाइना म्हणाली.

एका क्षणात एलमाच्या मनात किती विचार येऊन गेले! सांगून टाकावे... एकोणीस वर्षांचा कलंक एका वाक्यात धुऊन निघेल. समोरच्या या ताठ मानेला आज खाली पाहायला लावावे. असा एक दुष्ट, गोड विचार तिच्या मनात आला आणि तिची तिलाच शरम वाटली. कशासाठी? दिवसातून दोन-तीनदा येणाऱ्या घामासाठी? पट्टी लावली नाही तर टाइनाचे काही बिघडणार नव्हते, डॉक्टरीणबाईंनीच तसे सांगितले होते. पण खरे कळले तर...

"चार वर्षं," एलमा म्हणाली. "दर महिन्याला मीच आणून देत होते. तू ती पट्टी लावू नकोस."

टाइना आतल्या आत काहीतरी मोजत असल्यासारखी बसून राहिली, मग तिने पर्स उघडली, चौघडी केलेला एक कागद काढला आणि पिठाच्या परातीशेजारी ठेवला.

"वाच," ती म्हणाली.

कागद मोठ्या इस्पितळातला होता. त्यावर आईचे नाव होते. डॉक्टरीणबाईंनीच जुने कागद मागवायला सांगितले होते, ते गेल्या गुरुवारी आले होते, आणि टाइनाने ते त्यांच्यासमोर बसून वाचले होते. एलमा वाचू लागली. हॉर्मोनच्या गोळ्या : सात आठवडे, रुग्णाने स्वतः बंद केल्या. गाठ रुग्णाच्या लक्षात आली : ऑक्टोबर. थोरल्या मुलीचे गरोदरपण जोखमीचे असल्याने रुग्णाने तपासणी पुढे ढकलली. धाकटी मुलगी सोबत आली आहे, तिला सर्व कल्पना आहे.

एलमा समोरच्या खुर्चीत बसली. इतकी वर्षे जिवापाड जपलेले ते रहस्य कुणा अनोळखी डॉक्टरने चार ओळींत लिहून ठेवले होते, आणि ते एका फडताळात पडून होते... कुणीही मागावे आणि वाचावे असे!

"मग विचारायला का आलीस?" तिने कसेबसे विचारले.

"तू आता तरी खरं बोलतेस का ते बघायला." टाइनाचा आवाज फाटला. "गाडीत बसून मी स्वतःला सांगत होते, तिने सांगितलं तर मला बरं वाटेल. ती ओरडेल, मला हाकलून देईल, आणि फिटेल सगळं. आणि तू... तू चार वर्षं म्हणालीस? सात आठवड्यांच्या जागी चार वर्षं? अजून स्वतःच्या डोक्यावर घेतेस?"

एवढे बोलून ती टेबलावर कोसळली. चर्चमध्ये सर्वांत उंच स्वर लावणारी ती बाई पिठाच्या परातीला कपाळ टेकून लहान मुलीसारखी हुंदके देऊ लागली. एलमाने आपला पिठाचा हात बहिणीच्या पाठीवर ठेवला. एकोणीस वर्षांनी झालेला तो पहिला स्पर्श!

हुंदके ओसरल्यावर टाइना बोलू लागली. त्या सात आठवड्यांनी ती गाठ झाली नसणार, डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. ती फार आधीपासून वाढत असणार. पण ऑक्टोबरमध्येच तपासले असते तर आई वाचली असती का, असे तिने विचारले तेव्हा त्या जरा थांबल्या आणि म्हणाल्या, कदाचित. कदाचित नाहीही.

"त्या एका 'कदाचित'ने चार रात्री डोळ्याला डोळा नाही," टाइना म्हणाली.

"म्हणूनच आईला तुला सांगायचं नव्हतं."

"तुला तर सांगितलं. तुझ्या डोळ्याला डोळा लागावा असं नाही वाटलं तिला?"

आजवर एलमाने हा प्रश्न स्वतःला विचारण्याचे धाडस केले नव्हते. आईवर रागावण्याचा हक्क आपल्यालाही होता, हे इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिच्या ध्यानात येऊन ती अवाक् झाली.

टाइनाने डोळे पुसले. मग तिने बहिणीकडे नीट पाहिले; डोळ्यांखालची काळी वर्तुळे, अकाली वाळलेले हात, आणि एवढ्या थंडीत अंगावर असलेला बिनबाह्यांचा पातळ झगा. "तुझं कधी थांबलं?" तिने विचारले.

एलमाने सांगितले. टाळाटाळ करून पाहिली, पण टाइना एकेक प्रश्न विचारत गेली आणि एकेक गोष्ट बाहेर येत गेली : ती भिजलेली अंथरुणे, शाळेच्या भटारखान्यात आलेली चक्कर, ते अकारण रडणे. आणि औषध? औषध कधीच नाही. का नाही, हे टाइनाला विचारावे लागले नाही. ते तिला कळले, आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"माझ्यामुळे," ती म्हणाली.

"गावामुळे."

"गावाला मीच सांगितलं होतं." टाइना उठली, तिने खिडकी लावून घेतली आणि बहिणीसमोर उभी राहिली. "ऐक. माझं थोडकं आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आईच्या आजाराने औषधाचं दार बंद होत नाही, स्तनांचा फोटो काढून, सगळं तोलून मापून ठरवता येईल. मी ठरवलं. मला नकोय. एवढ्याशा घामाचं काय, मी निभावून नेईन. पण तुझं थोडकं नाही. पुढच्या मंगळवारी त्यांच्याकडे माझी वेळ ठरली आहे, ती तुला देते. त्या तपासतील, घ्यायचं की नाही ते तू ठरव. मी बरोबर येते, आणि चिठ्ठी मिळाली तर त्या दुकानात पुढे मी उभी राहते."

एलमाने नको म्हणून पाहिले. आयुष्यभर तिने दुसरे काय केले होते? पण टाइनाने तिचे मनगट घट्ट धरून ठेवले होते, आणि शेवटी तिने मान हलवली.

तेवढ्यात दार वाजले. पंचवीस मिनिटे बाहेर गाडीत बसून गारठलेली एक उंच, केसांची वेणी घातलेली मुलगी आत आली. "आई, अजून किती वेळ? माझे पाय बधिर झाले," असे म्हणत ती एकदम थबकली.

आयनो! एलमा तिच्याकडे पाहतच राहिली. आईचेच ते रुंद कपाळ, हसण्याआधी ओठ मिटून घेण्याची तीच लकब... आईने जिच्यासाठी फोनचा खटका दाबून धरला होता, ती तिच्या स्वयंपाकघरात उभी होती.

"ही तुझी एलमामावशी," टाइना म्हणाली.

आयनोने दोघींचे रडलेले चेहरे पाहिले. तिने पुढे होऊन मावशीचा हात हातात घेतला, पीठ लागले तरी सोडला नाही, आणि मग तिच्या वयाच्या मुली विचारतात तसे सरळच विचारले, "पण तुमचं भांडण कशावरून झालं होतं?"

टेबलावर तो कागद तसाच पडला होता. टाइनाने तो उचलला आणि शांतपणे पर्समध्ये ठेवला.

"तुझ्या आजीला कोणता आजार होता ते तुला माहीत आहे," ती म्हणाली. "तू आणखी मोठी झाल्यावर वेळच्या वेळी तपासून घ्यायचंस, त्याबद्दल आपण बोलू. आणि भांडण... मी गोळ्यांबद्दल काहीतरी अर्धवट ऐकलं आणि मावशीवर आळ घेतला. चूक माझी होती. तिची काहीच नव्हती."

"एवढ्यासाठी?" आयनो थक्क होऊन आईकडे बघू लागली. "एकोणीस वर्षं? नुसता गैरसमज करून घेतलास आणि मला सख्ख्या मावशीला भेटू दिलं नाहीस? किती आडमुठी आहेस तू!"

लेकीच्या डोळ्यांतला तो तिरस्कार टाइनाने पापणी न हलवता झेलला. एलमाला ते पाहवेना. तसं नाही गं, पोरी, असे तिच्या अगदी ओठांवर आले... पण टेबलाआड टाइनाचा पाय तिच्या पायावर येऊन घट्ट दाबला गेला.

"हो," टाइना लेकीला म्हणाली, "आहेच मी तशी. बस आता, कॉफी घे."

एलमा डोळे पुसत उठली आणि तिने तिघींसाठी कॉफी ठेवली.