मूळ आराखडा

आपल्या सजीव पट्टीचं कौतुक सुरू झालं की डॉ. हेरंब केळुसकरांना थांबवणं कठीण. जळीत विभागाच्या प्रयोगशाळेत त्यांच्या सहायक डॉ. फरीदा मुजावर यांना ते सगळं तोंडपाठ झालं होतं.

"ही पट्टी काढायची नसते, ती त्वचाच होते," केळुसकर सांगत होते. "तिच्यातल्या औषधी पेशी रुग्णाची जनुकं वाचतात. निसर्गाने ही कातडी कशी घडवायची ठरवली होती, तो मूळ आराखडा त्यांना कळतो. त्याच्याशी जुळणार नाही ती जखम, आणि ती भरून काढायची. आयुष्यभर!"

"सर, चेहरा भाजलेल्या त्या मावशींच्या कानांची भोकंही बुजली. पट्टीला तीही जखमच वाटली."

"पुन्हा टोचून घेतील की."

"घेतली. पुन्हा बुजली."

"मग चापाची कुडी घाला म्हणावं!" केळुसकर मनापासून हसले. भाजलेला चेहरा नितळ झाल्यावर कानाच्या भोकांचं काय घेऊन बसायचं, असं त्यांचं म्हणणं होतं. फरीदा हसल्या नाहीत.

दोघं खाली वॉर्डात आले. आज शलाका हळबेच्या हातावरच्या सजीव पट्टीचं कापडी आवरण निघणार होतं. शलाका प्रयोगशाळांसाठी काचेची उपकरणं फुंकून घडवायची. तापलेली नळी फुटली आणि उजवा हात तळव्यापासून बोटांपर्यंत भाजला. तिची सगळी कला त्या बोटांत होती. काच वळायच्या कोणत्या क्षणी नळी फिरवायची, हे डोक्याआधी बोटांना कळतं, असं ती म्हणायची.

"दुखतंय?" केळुसकरांनी विचारलं.

"अजिबात नाही. फक्त आवळल्यासारखं वाटतंय."

शेजारी तिची आई, सुमतीबाई, पदराचं टोक मुठीत धरून उभी होती. दाखल करतानाच केळुसकरांनी तिला विचारलं होतं, या हातावर आधी काही शस्त्रक्रिया? "नाही हो, काहीच नाही," ती घाईघाईने म्हणाली होती.

आवरण सुटलं. कातडी लहान बाळासारखी गुलाबी, नितळ होती. आणि मधलं बोट अनामिकेला थेट टोकापर्यंत जोडलेलं होतं. दोन बोटांचं एकच रुंद बोट.

शलाका किंचाळली. केळुसकरांच्या हातातला चिमटा खाली पडला. इतक्या वर्षांत त्यांना असा हादरा बसला नव्हता.

"पट्टी चुकली," ते पुटपुटले. "असं होणं शक्यच नाही..."

"चुकली नाही," सुमतीबाई भिंतीला टेकत म्हणाली. "जन्मली तेव्हा अशीच होती. माझ्या बाबांनाही असंच होतं. माहेरीच ऑपरेशन करून घेतलं आणि कुणाला कळू दिलं नाही. पोरीची जात, उद्या स्थळं कशी यायची! तिलासुद्धा सांगितलं नाही."

"आई!" शलाकाच्या तोंडून एवढंच निघालं. मग तिने तो हात डॉक्टरांपुढे धरला. "तेव्हा वेगळी केली होती ना? मग आता पुन्हा करा. व्रण राहू देत, मला चालतील. माझं सगळं काम याच बोटांचं आहे हो!"

केळुसकरांनी फरीदांकडे पाहिलं. चापाच्या कुडीचा आपलाच विनोद त्यांना आठवला.

"करीन," ते कसेबसे म्हणाले. "पण कितीदाही वेगळी केली, तरी पट्टीला ती जखमच वाटेल, आणि ती भरून येईल."